कोळशाचा ढीग ड्रोनने मोजला, पण तो डेटा ठेवायचा कुठे?

फोनचं स्टोरेज भरलं की आपण काय करतो? गॅलरी उघडतो, जुने फॉरवर्ड, लग्नाचे व्हिडिओ निवडतो आणि डिलीट. मागच्या वर्षी मीही तेच करायला बसले होते. फरक एवढाच की समोर गॅलरी नव्हती, एका कोळसा खाणीच्या स्टॉकयार्डचे दोन वर्षांपूर्वीचे ड्रोन फोटो होते. क्लाउडचं बिल दर महिन्याला वाढत होतं. रिपोर्ट तर कधीचाच देऊन झालाय, मग कच्चे फोटो कशाला सांभाळायचे, असा माझा हिशेब. डिलीट राहिलं ते माझ्या शहाणपणामुळे नाही. त्या दुपारी हुडकेश्वरला लाइट गेली, राउटर बंद पडला आणि काम उद्यावर गेलं.

तीन आठवड्यांनी त्याच फोटोंवर एका माणसाची नोकरी अडकली. ती गोष्ट पुढे सांगतेच. आधी हा सगळा प्रकार काय आहे ते बघू.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. ड्रोन सर्व्हे करणाऱ्या एका छोट्या टीमचा डेटा सांभाळणं हे माझं काम. ऑफिस म्हणजे हुडकेश्वरमधल्या घराची वरची खोली. इथून उमरेड रोडला लागलं की कोळशाचे ट्रक भेटायला लागतात. वेस्टर्न कोलफिल्ड्स म्हणजे वेकोलि, मॅंगनीज काढणारी मॉईल आणि देशभरातल्या खाणींवर लक्ष ठेवणारी भारतीय खाण ब्युरो ही केंद्र सरकारची संस्था, तिन्हींची मुख्यालयं नागपुरात आहेत. आपल्याकडे नागपूर म्हटलं की संत्री आठवतात, पण खाणींच्या कागदपत्रांची राजधानी हेच शहर आहे. आणि आता हे कागद कागद राहिलेले नाहीत.

ड्रोन अचानक कुठून आले?

३ नोव्हेंबर २०२१ ला खनिज संवर्धन आणि विकास नियमांमध्ये दुरुस्ती झाली. ज्या खाणपट्ट्याचं वार्षिक उत्खनन १० लाख टन किंवा त्याहून जास्त ठरलेलं आहे, किंवा ज्याचं क्षेत्र ५० हेक्टर किंवा त्याहून जास्त आहे, त्याला दरवर्षी ड्रोन सर्व्हेच्या प्रतिमा सादर कराव्या लागतात. त्याही फक्त पट्ट्याच्या आतल्या नाही, हद्दीबाहेरच्या १०० मीटरपर्यंतच्या. हद्द ओलांडून खोदलं तर लगेच दिसावं, हा उद्देश. लहान खाणींना सॅटेलाइटच्या प्रतिमा चालतात. हे नियम कोळशाला लागू नाहीत, मॅंगनीज, लोहखनिज, चुनखडी अशा खनिजांना आहेत. म्हणजे मॉईल यात येते, वेकोलि येत नाही. पण कोळशात ड्रोन येण्याचं कारण वेगळं आणि माझ्या मते जास्त इंटरेस्टिंग आहे.

कोळसा खाणीत साठ्याचे दोन आकडे असतात. एक वहीतला: किती काढला, किती पाठवला, उरला किती. दुसरा मोजलेला: यार्डात प्रत्यक्ष किती पडलाय. वेकोलि ज्या कोल इंडियाची उपकंपनी आहे, तिच्या लेखा धोरणात सरळ लिहिलंय की दोन्हींतला फरक अधिक-उणे ५ टक्क्यांच्या आत असेल तर हिशेबात वहीतला साठा धरायचा, त्याच्या बाहेर गेला तर मोजलेला. आता विचार करा. वहीत ५ लाख टन असतील तर ५ टक्के म्हणजे २५ हजार टन. एवढा कोळसा कागदावर आहे आणि जमिनीवर नाही, असं मोजणीत निघालं, तर पुढचा प्रश्न साहजिकच ‘गेला कुठे?’ असतो. आणि तो प्रश्न कंपनीला कोणी विचारत नाही, यार्ड सांभाळणाऱ्या माणसाला विचारतात.

फोटोवरून टन कसे निघतात?

ड्रोन यार्डावर शेताच्या नांगरटीसारख्या रेघा मारत उडतो आणि एकावर एक चढणारे शेकडो फोटो काढतो. एकच दगड दहा-बारा फोटोंत वेगवेगळ्या कोनातून आला की सॉफ्टवेअर त्याची अवकाशातली जागा काढतं. असे कोट्यवधी बिंदू मिळून ढिगाचा थ्रीडी आकार होतो. जमिनीवर आधी रंगवून ठेवलेल्या खुणा असतात, त्यांची जागा अचूक जीपीएसने मोजलेली असते. त्या खुणांना हा आकार घट्ट बांधतात. मग ढिगाचा वरचा पृष्ठभाग वजा खालचा पृष्ठभाग म्हणजे घनफळ, आणि घनफळ गुणिले घनता म्हणजे टन.

वरचा पृष्ठभाग ड्रोनला दिसतो. खालचा दिसत नाही, कारण त्याच्यावर कोळसा आहे. सगळी गडबड तिथेच होते. एक हेक्टरच्या ढिगाखाली जमिनीची उंची नुसती ५ सेंटिमीटर चुकीची धरली तर ५०० घनमीटरची चूक. सैल कोळशाची घनता ०.९ धरली तर ४५० टन. पाच सेंटिमीटर म्हणजे तुमच्या फोनच्या लांबीच्या निम्म्याहूनही कमी, आणि चूक कितीतरी ट्रक भरतील एवढी!

आता आकार बघा. आमच्याकडे एका मध्यम यार्डाचे आणि आजूबाजूच्या खाणीचे मिळून साधारण हजार फोटो येतात, प्रत्येक ९ एमबीच्या आसपास. म्हणजे ९ जीबी. त्यातून निघणारे बिंदू, नकाशा, उंचीचा पट हे सगळं धरलं की एका सर्व्हेचे ३५ जीबी होतात. खाणीच्या गेटजवळ मोबाइल नेटवर्कला २ एमबीपीएस अपलोड मिळालं तर नुसते फोटो चढवायला दहा तास लागतील. म्हणून आमचा ड्रोनवाला मेमरी कार्ड खिशात टाकतो आणि चाळीसेक किलोमीटर बाइकवर घेऊन येतो. माझ्या खोलीतल्या फायबरवर ४० एमबीपीएसने तेच काम अर्ध्या तासात होतं. क्लाउडचा पहिला टप्पा अजूनही बाइक आहे, हे लक्षात असू द्या.

एकदा एका नवीन मुलाने हुशारी केली. त्याने पन्नासेक फोटो थेट व्हॉट्सअॅपवर पाठवून दिले. ‘ताई, बघून घ्या, आलेत नं?’ आले होते, पण कामाचे उरले नव्हते. व्हॉट्सअॅप फोटो दाबून लहान करतं आणि फोटोच्या पोटात लिहिलेली जीपीएसची नोंद काढून टाकतं. तुमच्या खासगीपणासाठी ते चांगलंच आहे, सर्व्हेसाठी मात्र सत्यानाश. तुम्हाला कधी मूळ फोटो जसाच्या तसा पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नोंद टिकते.

कायदा काय म्हणतो?

इथे बहुतेक लोक चुकतात, मीही चुकलेय. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक डेटाची नवीन मार्गदर्शक तत्त्वं आणली. त्याआधी नकाशा बनवायला परवानग्यांची रांग असायची, ती बरीचशी संपली. पण एक रेघ आखून ठेवली: आडव्या दिशेत १ मीटर आणि उभ्या दिशेत ३ मीटर. याहून बारीक अचूकतेचा डेटा फक्त भारतीय संस्थांनी तयार करायचा किंवा मालकीचा ठेवायचा, आणि तो देशी क्लाउडवर किंवा भारताच्या हद्दीत प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवरच साठवायचा आणि प्रोसेस करायचा.

आमची अचूकता सेंटिमीटरमध्ये आहे. म्हणजे खाणीचा प्रत्येक ड्रोन सर्व्हे या रेघेच्या आत येतो. ‘प्रोसेस’ हा शब्दही सोडू नका. फोटो मुंबईत ठेवले आणि थ्रीडी बनवायला परदेशी वेबसाइटवर चढवले तरी नियम मोडला.

कामाच्या पहिल्या वर्षी मी क्लाउडचं अकाउंट उघडलं आणि प्रदेश निवडण्याचा छोटासा ड्रॉपडाउन बदलायला विसरले. डिफॉल्ट अमेरिकेतला होता. दोन महिने विदर्भातल्या खाणीचा डेटा अटलांटिकपलीकडे पडून होता आणि मला ते कळलं बिलावरच्या प्रदेशाच्या नावावरून. तो भारतात आणला, तिकडचा पुसला आणि ग्राहकाला लेखी कळवलं. कळवताना हात थरथरत होते, खोटं कशाला सांगू. चूक क्लाउड कंपनीची नव्हती, माझीच होती. पण एवढा मोठा नियम एका ड्रॉपडाउनवर अवलंबून असावा हे मला आजही पटत नाही.

भारतात जागा शोधणं आता अवघड नाहीये. अॅमेझॉनचे मुंबई आणि हैदराबाद, मायक्रोसॉफ्टचे पुणे, मुंबई आणि चेन्नई, गुगलचे मुंबई आणि दिल्ली असे प्रदेश आहेत. देशी कंपन्यांत नाशिकची ईएसडीएस, पनवेलला मोठं डेटा सेंटर असलेली योट्टा, ईटूई नेटवर्क्स अशी नावं आहेत. ग्राहक सरकारी असेल तर आणखी एक गाळणी लागते: इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या यादीतली, ऑडिट झालेलीच सेवा घ्यायची. निविदेत हे वाक्य असतंच.

मुंबईतला सर्व्हर, पण किल्ली कोणाकडे?

जुलै २०२५ पर्यंत मी म्हणायचे, डेटा भारतात आहे ना, मग झालं. मग नायरा एनर्जीचं प्रकरण झालं. गुजरातमध्ये वाडीनारला हिची रिफायनरी आहे आणि रशियाच्या रोसनेफ्टचा हिच्यात मोठा हिस्सा आहे. युरोपीय संघाने १८ जुलैला तिच्यावर निर्बंध लावले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा बंद केल्या. ईमेल, टीम्स, सगळं थांबलं. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, महिना संपता संपता सेवा परत सुरू झाल्या. लक्षात घ्या, भारतातल्या कोणत्याही कायद्याने ही कंपनी दोषी नव्हती. पैसे भरलेले होते, करार चालू होता.

कोळशाच्या ढिगावर युरोप निर्बंध लावेल असं मी म्हणत नाहीये. पण ‘डेटा कुठे आहे’ आणि ‘डेटा बंद करण्याचा अधिकार कुणाकडे आहे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि आपल्या मार्गदर्शक तत्त्वांनी पहिल्याचंच उत्तर दिलंय. अमेरिकेचा २०१८ चा क्लाउड अॅक्टही हेच सांगतो: अमेरिकन कंपनीच्या ताब्यातला डेटा जगात कुठेही असला तरी तिथली यंत्रणा कायदेशीर आदेशाने तो मागू शकते.

मग सरळ देशी कंपनीकडे जावं का? इथे माझं मत थोडं अप्रिय आहे. नुसतं देशी असणं पुरत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियात डेजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली. डेटा स्वतःच्या देशात, स्वतःच्या इमारतीत, स्वतःच्या सरकारकडे होता. शेकडो सरकारी सेवा बंद पडल्या आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणारं जी-ड्राइव्ह जळून गेलं. ८५८ टेराबाइट. त्याची बाहेर प्रत नव्हती, कारण काय, तर आकार फार मोठा होता म्हणून बॅकअप ठेवला नव्हता. ती बातमी वाचली तेव्हा मला माझं ते डिलीटचं बटण आठवलं.

पैशाचं गणित

साठवण स्वस्त आहे, हे आधी सांगते. पाच खाणी, प्रत्येकीचा महिन्याला एक सर्व्हे, म्हणजे वर्षाला साधारण २ टेराबाइट. अॅमेझॉनच्या मुंबई प्रदेशात साध्या साठवणीला जीबीमागे महिन्याला अडीच सेंटच्या आसपास पडतात. म्हणजे ५० डॉलर, साधारण साडेचार हजार रुपये, वर जीएसटी. ठीक आहे.

खरा फटका बाहेर काढताना बसतो. तिथूनच तो डेटा इंटरनेटवर बाहेर न्यायचा तर जीबीमागे जवळजवळ ११ सेंट. म्हणजे चार महिन्यांच्या साठवणीएवढा खर्च एका डाउनलोडला. २ टेराबाइट एकदा पूर्ण डाउनलोड करायचं म्हटलं तर अठरा-एकोणीस हजार. आत यायला फुकट, जायला तिकीट, अशी ही जत्रा आहे. म्हणून दर विचारताना ‘ठेवायला किती’ हा प्रश्न दुसरा ठेवा, ‘न्यायला किती’ हा पहिला विचारा. देशी कंपन्यांशी बोलताना इथे घासाघीस करता येते आणि बिल रुपयांत येतं, डॉलर वर गेला म्हणून झोप उडत नाही.

प्रोसेसिंगचं वेगळंच आहे. हजार फोटोंना ६४ जीबी रॅमचं मशीन लागतं, पण महिन्यातून काही तासच. असं मशीन विकत घेऊन माझ्या खोलीत तापवत ठेवण्यापेक्षा तासावर भाड्याने घेणं परवडतं. आम्ही ओपनड्रोनमॅप हे मोफत, खुलं सॉफ्टवेअर वापरतो. काम झालं की मशीन बंद करायचं. विसरलात तर मीटर चालूच राहतो. एकदा शुक्रवारी विसरले, सोमवारी आठवलं. आकडा सांगत नाही.

आणि हो, नकाशा शेवटी मोबाइलवरच बघितला जातो. खाणीतले साहेब लॅपटॉप घेऊन यार्डात फिरत नाहीत. ४ जीबीचा नकाशा फोनवर उघडणार नाही, म्हणून तो तुकड्यांत आणि वेगवेगळ्या झूमला आधीच कापून ठेवतात. क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ नावाचा प्रकार आहे, त्यात फोन सर्व्हरकडे फक्त स्क्रीनवर दिसणारा तुकडा मागतो. युट्यूबचा व्हिडिओ जसा पूर्ण डाउनलोड न होता चालतो, तसंच. लिंक मात्र ठराविक वेळेनंतर मरणारी द्यायची. कायमची उघडी लिंक एका ग्रुपवर गेली की ती कुठे कुठे फिरेल हे सांगता येत नाही, आणि खाणीत स्फोटकांचं कोठार कुठे आहे हेही त्या नकाशात दिसतं.

त्या फोटोंचं काय झालं?

लाइट गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या टीममधल्या सिनिअरने सांगितलं, पुसू नकोस, थंड साठवणीत टाक. तिथे दर जीबीमागे एका सेंटच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास असतो, पण परत मागवलं की डेटा हातात यायला बारा तासांपर्यंत लागू शकतात. मी टाकले आणि विसरले.

मग त्या खाणीची वार्षिक मोजणी आली. वहीत ६०,००० टन, आमच्या मोजणीत ५५,८००. सात टक्के कमी. त्या ग्राहकाकडेही ५ टक्क्यांचीच रेघ होती. संध्याकाळी त्यांच्या सर्व्हेअर काकांचा फोन आला. एरवी मोकळेपणाने बोलणारे काका त्या दिवशी अगदी हळू बोलत होते. ‘मॅडम, यार्डवाल्या पोराला उद्या बोलावलंय वरती. बेचाळीसशे टन कुठे गेले म्हणतात. तुमचं पुन्हा एकदा बघता का?’ मला ते नेहमी ‘बेटा’ म्हणतात.

बघितलं. ढिगाचा वरचा पृष्ठभाग बरोबर होता. खालचा आम्ही ढिगाच्या कडेकडेच्या जमिनीवरून सपाट धरला होता, बहुतेक लोक तसंच करतात. पण यार्डाची जमीन मधोमध दबलेली असेल तर? कोळसा आणि ट्रक यांच्या वजनाने दबतेच. ते तपासायला यार्ड रिकामं असतानाचा सर्व्हे हवा, आणि तो एकदाच झाला होता, दोन वर्षांपूर्वी.

रात्री आठला मागणी टाकली. सकाळी सातला फोटो आले. जुन्या रिपोर्टात फक्त त्या वेळचे टन होते, जमिनीची उंची नव्हती, त्यामुळे कच्चे फोटो नसते तर काहीच करता आलं नसतं. पुन्हा प्रोसेस केले. १.२ हेक्टरच्या त्या ढिगाखाली जमीन सरासरी ३० सेंटिमीटर खोल निघाली. ३,६०० घनमीटर, म्हणजे ३,२४० टन. बेरीज ५९,०४०. फरक १.६ टक्के. अकराच्या सुमारास मी दोन्ही पृष्ठभाग एकावर एक ठेवलेला नकाशा काकांच्या फोनवर पाठवला. चूक कोळशाची नव्हती, आमच्या गृहीतकाची होती, असं रिपोर्टात स्पष्ट लिहिलं. त्यावर आमच्याच टीममध्ये दोन दिवस कुरबुर झाली, पण लिहिलं.

त्या पोराला मी कधी भेटलेले नाही. नावही माहीत नाही.

आता आमची व्यवस्था अशी आहे. चालू वर्षाचा डेटा मुंबई प्रदेशात, मोठ्या कंपनीकडे, कारण तासावर मशीन तिथे पटकन मिळतं. कच्चे फोटो, खुणांची मोजमापं आणि रिकाम्या यार्डाचा प्रत्येक सर्व्हे यांची दुसरी प्रत एका देशी कंपनीकडे, दुसऱ्या शहरात, दुसऱ्या मालकाकडे. तिसरी प्रत दोन हार्ड डिस्कवर, त्यातली एक ग्राहकाच्याच कपाटात. बिंदूंचे ढग आणि नकाशे दोन वर्षांनी पुसतो, ते फोटोंवरून परत बनतात. फोटो परत बनत नाहीत. दर तीन महिन्यांनी एखादा जुना सर्व्हे खरंच उघडतो का हे मी बघते. गेल्या वेळी एक डिस्क उघडली नाही, ती बदलायला टाकलीय.